अकरावीला काय घेतलं, त्याआधी काय सोडलं ते बघा

जून महिन्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. भाचीला घेऊन जुनी पुस्तकं बघायला गेले होते. अकरावीच्या प्रवेशाची यादी लागायची होती, पण कला शाखेला जायचं हे तिचं पक्कं होतं. शेजारच्या गिऱ्हाइकाचा गठ्ठा काउंटरवर पडला होता, त्यातलं बालभारतीचं गणिताचं पुस्तक तिने सहज उचललं आणि मुखपृष्ठ वाचून माझ्याकडे बघायला लागली.

"मावशी, यावर आर्ट्स अँड सायन्स लिहिलंय. आर्ट्सला मॅथ्स असतं?"

असतं. कला शाखेच्या विद्यार्थ्याला अकरावी-बारावीला गणित घेता येतं. पुस्तक सायन्सवाल्यांचंच, पेपरही तोच. दहावीच्या वर्षात तिने करिअर मार्गदर्शनाची तीन व्याख्यानं ऐकली होती, एकातही हे आलं नव्हतं. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. कारण या पोरीला पुढे अर्थशास्त्र करायचंय, आणि गणित कायमचं सुटलं या आनंदात ती शाखा निवडत होती.

2025 पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश पुण्या-मुंबईसारख्या काही शहरांपुरता न राहता सगळ्या राज्यात लागू झाला. त्यामुळे सायन्स, कॉमर्स की आर्ट्स, कुठलं कॉलेज, कटऑफ किती, ही चर्चा आता गावोगावच्या घरांत चालते. सगळा जीव शाखेवर आणि कॉलेजच्या नावावर. विषय कोणते, हे अनेकदा प्रवेशाच्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून पाच मिनिटांत ठरतं. पुढचे रस्ते मात्र त्या पाच मिनिटांवर जास्त अवलंबून असतात.

शाखा ही थाळी, विषय म्हणजे वाट्या

खानावळीत थाळी मागवली की काही वाट्या ठरलेल्या असतात, एक-दोन आपल्या मनाने बदलता येतात. शाखेचं तसंच आहे. राज्य मंडळात इंग्रजी सगळ्यांना. दुसरी भाषा म्हणून मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन असं काही. मग शाखेचे विषय.

सायन्सला फिजिक्स आणि केमिस्ट्री जवळजवळ सगळेच घेतात. खरी निवड गणित आणि बायोलॉजी यांत असते. गणित घेतलं तर पीसीएम, बायोलॉजी घेतलं तर पीसीबी, दोन्ही घेतले तर पीसीएमबी. यालाच ग्रुप म्हणतात. शिवाय बायफोकल आहे, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा 200 गुणांचा व्यावसायिक विषय. तो घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. बायफोकलची मुलं बहुधा बायोलॉजी सोडतात.

कॉमर्सला अकाउंट्स, इकॉनॉमिक्स आणि ओसी, म्हणजे वाणिज्य संघटन, हे असतातच. पेच एका जागेवर पडतो: मॅथ्स की एसपी, म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिस. एसपीला मार्क बरे पडतात म्हणून निम्मा वर्ग तिकडे वळतो. कॉमर्सचं गणिताचं पुस्तक वेगळं आहे, सायन्सचं वेगळं.

कला शाखेची यादी सगळ्यात लांब. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तर्कशास्त्र, अर्थशास्त्र आणि गणितसुद्धा. फक्त यादीत असलेला विषय प्रत्येक कॉलेजात शिकवतातच असं नाही. गणित घेणारी मुलं कमी, म्हणून शिक्षक नाहीत. शिक्षक नाहीत, म्हणून मुलं घेत नाहीत.

अडतं कुठे?

पात्रता हा एकच शब्द नीट समजून घ्यायला हवा. पात्रता म्हणजे रांगेत उभं राहायचा हक्क. मार्क किती, नंबर कितवा, हे सगळं रांगेत उभं राहिल्यानंतरचं. बारावीला ठरावीक विषय नसतील तर कितीही हुशार मुलगा असो, रांगेतच उभं राहता येत नाही.

इंजिनिअरिंगला फिजिक्स आणि गणित लागतंच. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम ग्रुप 200 गुणांचा असतो, त्यातले 100 एकट्या गणिताचे. फिजिक्स, केमिस्ट्री 50-50. अभियंता व्हायचंय पण गणिताशी पटत नाही, असं म्हणणाऱ्या मुलाला हा आकडा दाखवावा. आर्किटेक्चरलाही गणित हवं. चित्रकला चांगली म्हणून पीसीबी घेऊन आर्किटेक्चरचं स्वप्न बघणारी मुलं मी पाहिली आहेत. बारावीच्या मार्चमध्ये त्यांना हे कळतं.

मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि नीट ही प्रवेश परीक्षा. बीएस्सी नर्सिंगलाही तेच तीन विषय. बी.फार्मला फिजिक्स, केमिस्ट्री आणि सोबत गणित किंवा बायोलॉजी यांपैकी कुठलंही चालतं. शेतकी कॉलेजला पीसीएमवालाही जाऊ शकतो आणि पीसीबीवालाही. शेतीसाठी बायोलॉजी लागणारच असं घरोघरी गृहीत धरतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

खडकवासल्याची एनडीए, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी, हे तर पुणेकरांच्या रोजच्या बोलण्यातलं नाव. आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेतून चालते. नेव्ही आणि एअरफोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. पण लेखी परीक्षा सगळ्यांना एकच, आणि तिच्या 900 गुणांतले 300 गणिताचे. म्हणजे आर्ट्सच्या मुलाला दार उघडं आहे, उंबरठा मात्र उंच.

आता दुसरी बाजू. सीएला कुठलीही शाखा चालते. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमालाही. डिझाइनच्या बहुतेक परीक्षांना शाखेची अट नाही. सदाशिव पेठेत अभ्यासिकांमध्ये बसलेल्या हजारो मुलामुलींची यूपीएससी कुठलाही पदवीधर देऊ शकतो, आणि डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकायला कुठल्याही शाखेचा पदवीधर येतो. या सगळ्यांसाठी कुणी दहावीनंतर सायन्सचा हट्ट धरला तर तो नियमामुळे नाही, घरच्यांच्या धास्तीमुळे.

रस्ता बंद वेगळा, वळसा वेगळा

फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता, दोन्ही वन-वे. गाडीवर असताना एक वळण चुकलं तर पोचता येत नाही असं नाही, पण पूर्ण चक्कर मारून यावं लागतं. वेळ जातो, पेट्रोल जातं, मागे बसलेला माणूस वैतागतो. विषयांचंही बरंचसं असंच आहे. सोडलेल्या विषयाने रस्ता कायमचा बंद होतो असं क्वचित घडतं, बहुतेक वेळा वळसा पडतो. फक्त तो किती लांबचा आहे हे आधी माहीत असावं.

गणित सोडलेल्या मुलीला बारावीनंतर इंजिनिअरिंगला जावंसं वाटलं, तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून एकटा गणित हा विषय घेऊन परीक्षा देता येते. ज्या अभ्यासक्रमाला जायचंय तिथे तो निकाल चालतो का, हे आधी लेखी विचारून घ्यावं. मेडिकलचा नियम तर बदललाच आहे. पूर्वी बायोलॉजी अकरावी-बारावीला नियमित शिकलेलं असणं बंधनकारक होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी पास झालेल्यांनाही नीटची वाट मोकळी केली. पीसीएम झालेला मुलगा आता डॉक्टर होऊ शकतो. पण एक-दोन वर्षं जास्त जातात, आणि नीटच्या निम्म्या गुणांचा विषय एकट्याने पहिल्यापासून शिकायचा असतो.

नर्सिंगचा वळसा मला सगळ्यात माणुसकीचा वाटतो. आर्ट्सची बारावी झालेली मुलगी थेट बीएस्सी नर्सिंगला जाऊ शकत नाही, पण जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तिला करता येतो आणि नंतर पोस्ट बेसिक बीएस्सीही. वर्षं जास्त लागतात. पण त्यातला बराच काळ ती रुग्णांच्या उशाशी उभी राहून शिकत असते.

आणि एक वाट जी पुण्या-पिंपरीच्या लोकांनी कधीच कमी लेखायला नको होती. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे आयटीआय. दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. चाकण, भोसरीच्या कारखान्यांत अशी माणसं भेटतात, ज्यांचे हात मशीनवर बसलेले आहेत आणि वर पदवीही आहे. नातेवाईक मात्र डिप्लोमा म्हटलं की अजूनही "अकरावीला मिळालं नाही का?" असंच विचारतात.

काही वळसे इतके छोटे असतात की ते दिसतही नाहीत. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेच्या प्रवेश परीक्षेत 60 प्रश्न असतात, चारही विज्ञान विषयांचे 15-15. बारावीला त्यांतले तीन असले तरी बसता येतं. पण सोडलेल्या चौथ्या विषयाचे 15 प्रश्न समोर येतातच.

गणिताचं एवढं का सांगते

कारण माझं तिथेच अडलं होतं. मी पीसीबी घेतलं होतं, डॉक्टर होण्यासाठी. मेडिकलला नंबर लागला नाही, बीएस्सी केलं आणि शेवटच्या वर्षात अर्थशास्त्राची गोडी लागली. एमएच्या प्रवेशासाठी पुस्तकं उघडली, तर प्रत्येक पानावर कॅल्क्युलस. एका विद्यार्थ्याला दुसरं पुस्तक विकत घेऊन जो आनंद होतो तो पहिल्यापेक्षा किती कमी, हे मी शब्दांत समजू शकत होते, समीकरणात नाही. बावीसाव्या वर्षी अकरावीचं गणिताचं पुस्तक घेऊन सहा महिने संध्याकाळी बसले. जमलं. पण सोळाव्या वर्षी वर्गात चाळीस जणांसोबत जे सहज झालं असतं, ते एकटीने करताना अनेकदा डोळ्यांत पाणी आलं.

गणित हा असा विषय आहे जो सोडताना हलकं वाटतं आणि लागतो तो भलत्याच ठिकाणी. मानसशास्त्राला प्रयोगाचे निष्कर्ष तपासायला संख्याशास्त्र लागतं, बायोटेक्नॉलॉजीलाही. दिल्ली विद्यापीठात बीए ऑनर्स अर्थशास्त्राला बारावीला गणित असणं आवश्यक आहे, आणि तो अभ्यासक्रम कला शाखेचाच. एमसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीला, बऱ्याच ठिकाणी बारावीचं किंवा पदवीचं गणित बघतात. सोळाव्या वर्षी सोडलेला विषय एकविसाव्या वर्षी असा दारात उभा राहतो, आणि तोवर तो सोडायला सांगणारं माणूस आसपास नसतं.

इतर विषयांचं हे होत नाही, असं का? इतिहास किंवा राज्यशास्त्र कुठल्याही वयात, कुठल्याही प्रकरणापासून वाचायला घेता येतं. चांगला वाचक चाळिशीतही मराठ्यांचा इतिहास नीट शिकतो. गणित विणकामासारखं आहे, खालची ओळ नसेल तर वरची घालता येत नाही. भाषांचंही थोडं असंच, म्हणून 200 गुणांच्या बायफोकलसाठी भाषा सोडणाऱ्यांनी तेवढंच थांबून विचार करावा. चांगलं लिहिता न येणारा इंजिनिअर हिंजवडीच्या आयटी कंपनीत रोज ईमेलपाशी अडतो.

मग सगळ्यांनी सायन्सच घ्यावं, नाही का?

ही शंका येणारच, कारण "सायन्समधून आर्ट्सला येता येतं, आर्ट्समधून सायन्सला नाही" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. वाक्य खरं आहे. पण त्यातून निघणारा सल्ला मला पटत नाही.

दारं उघडी ठेवायलाही किंमत पडते. ज्या मुलाला फिजिक्समध्ये रस नाही त्याने पुढे कुठेतरी जाता यावं म्हणून दोन वर्षं ते ओढायचं, त्यात पन्नास टक्के मिळवायचे, आणि मग त्या पन्नास टक्क्यांवर आर्ट्सच्या चांगल्या कॉलेजात प्रवेश मागायचा. दार उघडं राहिलं, पण पोचेपर्यंत मूल थकलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे "मला काही येत नाही" ही समजूत त्याच्या मनात घट्ट बसते. सोळा ते अठरा या वयात बसलेली समजूत निघता निघत नाही.

पीसीएमबीचंही तेच. दोन्हीकडे पाय ठेवायचा म्हणून चार मोठे विषय, त्यात सकाळी कॉलेज आणि दुपारी क्लास. ज्याला खरंच दोन्ही आवडतात त्याने जरूर घ्यावं. फक्त निर्णय टाळण्यासाठी घेतलं तर दोन्ही परीक्षांची तयारी अर्धी होते.

म्हणून मी सायन्स घ्या असं म्हणत नाही. आवडीची शाखा घ्या आणि तिच्या आतली सगळ्यात मजबूत वाटी सोडू नका, एवढंच म्हणते. आर्ट्सला जायचं आणि अर्थशास्त्र, मानसशास्त्र मनात आहे तर गणित देणारं कॉलेज शोधा. कॉमर्सला जाऊन सीए किंवा फायनान्स करायचंय तर एसपीचे चार मार्क विसरून मॅथ्स घ्या. सीएच्या फाउंडेशनला बिझनेस मॅथ्स आणि संख्याशास्त्राचा पेपर आहेच, तो चुकत नाही.

नवीन धोरणात शाखा गेल्या ना?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नसावी असं स्पष्ट म्हटलंय. पदवीला मेजर-मायनरही आले, म्हणजे मुख्य विषय एक आणि जोडीला दुसऱ्या शाखेचा. चांगलंच झालं. पण धोरण वाचून अकरावीचा विषय सोडू नका. पात्रतेचे नियम कॉलेज ठरवत नाही. इंजिनिअरिंगचे एआयसीटीई ही तंत्रशिक्षण परिषद ठरवते, मेडिकलचे नॅशनल मेडिकल कमिशन, फार्मसीचे फार्मसी कौन्सिल, आर्किटेक्चरचे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर. या संस्था आपापल्या गतीने नियम बदलतात. तुमच्या मुलाच्या प्रवेशाच्या वर्षी जो नियम असेल तोच लागू, आणि तो त्या संस्थेच्या किंवा सीईटी सेलच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. दुसऱ्याच्या मुलाचा तीन वर्षांपूर्वीचा अनुभव ऐका, पण त्यावर फॉर्म भरू नका.

सीबीएसईच्या पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे ही निवड दहावीतच सुरू होते, कारण गणिताचे दोन स्तर आहेत, स्टँडर्ड आणि बेसिक. बेसिक सोपं, आणि ते मुळात पुढे गणित घेणार नाहीत अशा मुलांसाठी आणलेलं. फक्त टक्केवारी वाढावी म्हणून बेसिक घेणाऱ्या घरांत अकरावीच्या उंबरठ्यावर पळापळ होते.

पण तिला अजून ठरवताच येत नाहीये

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आयुष्याचं ठरवता येत नसेल तर ते नैसर्गिक आहे. तिला काय व्हायचंय हे विचारू नका. काय वाचताना वेळ कळत नाही ते विचारा, आणि कुठला विषय फक्त शिक्षकाच्या भीतीने नकोसा झालाय तेही विचारा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. नववीत एका शिक्षकाने फळ्यापाशी उभं करून अपमान केला म्हणून गणित सोडणं आणि गणित खरोखर नको असणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. घरात शांतपणे बसून त्या वेगळ्या करता येतात.

आमच्याकडे तसंच झालं. चौकातून परत आल्यावर तिने ताईसमोर कबूल केलं की तिला भूमिती आवडते, बीजगणिताचा धसका आहे. पसंतीक्रम बदलायला दुसऱ्या संध्याकाळपर्यंत वेळ होता. सकाळी तिने स्वतः पाच कॉलेजांना फोन केले. "तुमच्याकडे आर्ट्सला मॅथ्स आहे का?" तिघांनी नाही म्हणून सांगितलं. एकाने "विचारून सांगतो" म्हणून फोन ठेवला. पाचव्या ठिकाणी बाईंनी सांगितलं, आहे, पण तास सकाळी सात दहाला, सायन्सच्या मुलांबरोबर बसावं लागेल. घरापासून दोन बस बदलून जायचं कॉलेज. तिने ते यादीत सहाव्यावरून पहिल्यावर आणलं, आणि संध्याकाळी आम्ही पुन्हा अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तकाचे दोन्ही भाग घेतले. पहिल्या भागात आधीच्या कुणीतरी पेन्सिलने सोडवलेली गणितं होती. ती खोडायची नाहीत असं तिने दुकानातच ठरवलं.